लांकडी जमिनीचा जीर्णोद्धार

भिंतींना रंग द्यावयाचा झाला तर सामान खोलीच्या मध्यभागीं ओढून काम भागवितां येतें. छपराची दुरुस्ती निघाली तर कामकरी वर असतात आणि बिऱ्हाड खालीं असतें. जमिनीची गोष्ट निराळी आहे. तिच्यावरच बिछाना, पाळणा, जेवणाचीं पानें आणि मुलांचा अभ्यास. जिची दुरुस्ती करावयाची तिच्यावर पाय ठेवल्यावांचून घरांत हिंडतां येत नाहीं. म्हणून राहत्या घरांत लांकडी जमीन तासून नवी करण्याचें काम हत्यारांपेक्षां व्यवस्थेनेंच अधिक साधतें.

मुंबईच्या कांहीं जुन्या इमारतींत आणि थंड हवेच्या ठिकाणच्या बंगल्यांत सागवानी फळ्यांची जमीन अजून पाहावयास मिळते. ह्या सागापैकीं बराचसा ब्रह्मदेशांतून समुद्रमार्गानें आला. १८६३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशननें तेथील सागाचा मोठा व्यापार केला. ह्या कंपनीवर ब्रह्मी दरबारानें बसविलेला दंड हें १८८५ च्या युद्धाचें एक निमित्त झालें. राजा थिबा पदच्युत होऊन १८८६ सालीं रत्नागिरीस आला व १९१६ सालीं तेथेंच वारला. त्या काळच्या जुन्या, घट्ट रेषांच्या झाडांचें लांकूड आज सहजासहजीं मिळत नाहीं. जमीन प्रत्येक वेळीं तासली म्हणजे त्याचा एक थर कायमचा जातो. तेव्हां तासणें खरोखर अवश्य आहे काय, हा पहिला प्रश्न होय.

त्याची परीक्षा सोपी आहे. जमिनीवर, विशेषतः उंबऱ्याजवळ जेथें वर्दळ अधिक, तेथें पाण्याचे चारदोन थेंब टाकावे. कांहीं मिनिटें ते मोत्यांसारखे उभे राहिले तर वरचें रोगण शाबूत आहे. जमीन धुवून पुसून, बारीक कांचकागदानें नुसती खरवडून वर एक नवा हात दिला तरी पुरे. थेंब लगेच मुरले आणि लांकूड काळवंडलें तरच फळी उघडी पडली असें समजावें. जुना हात कशाचा आहे हेंही पाहावें. स्पिरिटानें भिजविलेली चिंधी लावतांच तो मऊ व चिकट झाला तर तो बहुधा चपड्याचा. मेणाचा असेल तर तें प्रथम काढून टाकणें प्राप्त आहे, कारण मेणावर नवें व्हार्निश धरत नाहीं.

जमिनीवर जुना रंग असेल तर त्यांत शिसें असण्याचा संभव फार. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारा नियम २०१६ सालीं निघाला व २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वींचे अनेक रंग ह्या मर्यादेच्या किती तरी वर होते. असा रंग कोरडा घांसला म्हणजे शिशाची धूळ घरभर पसरते. सरपटणारें मूल बोट तोंडांत घालतें, आणि त्या वयांत शिसें मेंदूच्या वाढीला बाधक ठरतें. ह्यासाठीं रंगाची तपासणी आधीं करून घ्यावी. शिसें निघालें तर तें काम जाणत्या माणसाकडे सोंपवावें, आणि मुलें व गर्भवती स्त्रिया ह्यांनीं घर पूर्ण स्वच्छ होईपर्यंत दुसरीकडे राहावें. त्यांत काटकसर करूं नये.

वरच्या मजल्यावरील जमीन हीच पुष्कळदां खालच्या बिऱ्हाडाचें छत असते. फटींतून पडणारी धूळ शेजाऱ्याच्या ताटांत पडते आणि सांडलेलें तेल त्याच्या भिंतीवर उतरतें. कामाचा दिवस व वेळ त्यास आधीं कळविल्यानें निम्मा कलह टळतो.

ऋतूही पाहून घ्यावा. कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत लांकूड दमट हवेनें फुगतें, चपड्याचा हात पांढरट पडतो आणि तेल वाळतां वाळत नाहीं. पाऊस संपून हवा कोरडी झाली म्हणजे, साधारण नोव्हेंबरनंतर, काम काढावें. हिवाळ्यांत फळ्यांमधील फटी रुंद दिसतात. त्या कठीण लांबीनें ठासून भरण्याचा मोह आवरावा. पावसाळ्यांत फळ्या फुगल्या म्हणजे ती लांबी चुरडून बाहेर येते.

आतां बिऱ्हाडाची व्यवस्था. घराचा नकाशा काढून त्यावर खोल्यांचा क्रम लिहावा. दारापासून सर्वांत दूरची खोली पहिली आणि येण्याजाण्याची वाट शेवटची. एका वेळीं एकच खोली रिकामी करावी. ती पुरी वाळल्यावांचून दुसरीस हात लावूं नये. नाहीं तर सामानाला आणि माणसांना ठाव उरत नाहीं. निजण्याची जागा व स्वयंपाकघर एकाच दिवशीं अडवूं नये. जुन्या व नव्या हाताचा सांधा खोलीच्या मध्यें पडला तर तो डोळ्यांत भरतो; तो उंबऱ्याखालीं किंवा फळीच्या कडेस घ्यावा. दारावर ओलसर चादर आणि तिच्या आंत प्लॅस्टिकचा पडदा लावावा. खिडकींत पंखा असा बसवावा कीं हवा बाहेर फेंकली जाईल.

तासण्यापूर्वीं वर आलेले खिळे ठोकून खालीं बसवावे; एक खिळा सबंध कांचकागद फाडतो. यंत्रानें करावयाचें तर ४० अंकाचा जाड कागद, मग ६०, मग ८० आणि शेवटीं १०० किंवा १२० असा क्रम ठेवावा. मधली पायरी गाळली तर जाड कागदाचे ओरखडे राहतात आणि ते व्हार्निशाखालीं अधिकच ठळक दिसतात. यंत्र लांकडाच्या रेषेच्या दिशेनें, न थांबतां चालवावें. तें क्षणभर एका जागीं थांबलें तरी तेथें खळगा पडतो, आणि तो पुढें भरून निघत नाहीं. लांकडाची धूळ फुप्फुसांना अपायकारक असून तिला कर्करोगकारक पदार्थांत गणलें आहे. नाकावर चांगली पट्टी हवीच.

हात कशाचा द्यावा हें घराच्या राहणीवर अवलंबून आहे. चपडा एका दिवसांत वाळतो, पण पाण्याच्या भांड्याचा डाग सोसत नाहीं. जवसाचें तेल लांकडाचा रंग खुलवितें व त्याची दुरुस्ती सोपी असते. मात्र तें फार सावकाश सुकतें. पॉलियुरेथेन टणक असतें. त्यांतील तेलाच्या जातीच्या दोन हातांमध्यें सुमारें एक दिवस जावा लागतो व तिला उग्र वास असतो. पाण्याची जात कांहीं तासांत वाळते, म्हणून राहत्या घराला ती सोयीची. सागांत अंगचें तेल असल्यानें हात देण्यापूर्वीं फळी योग्य द्रावकानें पुसून घ्यावी. वर चालतां येऊं लागलें म्हणजे जमीन पक्की झाली असें नव्हे. गालिचा व जड कपाटें ह्यांना आणखी कांहीं आठवडे थांबवावें. वाफा असतील तोंवर त्या भागांत शेगडी, उदबत्ती किंवा देवाजवळचा दिवाही पेटवूं नये.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच बहुधा विसरली जाते. जवसाच्या तेलाच्या चिंध्या वाळतांना हवेंतील प्राणवायू घेतात आणि तापतात. त्या चुरगाळून कोपऱ्यांत टाकल्या तर उष्णतेला बाहेर पडण्यास वाट राहत नाहीं आणि कोणीं काडी न लावतां ढीग पेट घेऊं शकतो. तोही कित्येक तासांनीं, घर निजल्यावर. लांकडी जिन्याच्या इमारतींत अशा आगीचा अर्थ काय होतो हें सांगावयास नको. म्हणून काम संपतांच प्रत्येक चिंधी उलगडून उघड्यावर, एकेक वेगळी वाळत घालावी, किंवा पाण्यानें भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत बुडवून झांकण लावावें. तासण्याच्या यंत्राची धुळीनें भरलेली पिशवीही रात्रीं घरांत ठेवूं नये.

ह्या बेतानें चार खोल्यांचें घर महिना-दीड महिना घेईल. घाईनें तें आठवड्यांत उरकेल, पण त्याची किंमत कोणाच्या तरी खोकल्यानें, शेजाऱ्याच्या रागानें किंवा याहून भयंकर रीतीनें द्यावी लागेल. लांकडानें तीन पिढ्यांचे पाय सोसले आहेत. घरच्या माणसांनीं त्याच्यासाठीं दीड महिना गैरसोय सोसली तर ती जमीन पुढल्या पिढीच्या पायांखालीं तशीच भक्कम राहील.