उंचीचं इंजेक्शन आणि साखरेची तपासणी



हप्ते गोळा झाले, हिशोब लिहून झाला की गटाच्या बैठकीत गप्पा लेकरांवर येतात. आमच्या गटात एकीनं विचारलं, “इंजेक्शन उंचीसाठी चालू आहे, मग डॉक्टर पोराची साखर कशाला तपासतात? त्याला शुगर झाली का?” आज त्याबद्दलच बोलू या.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. ती ग्रोथ हार्मोन तयार करते. काही मुलांत ते कमी पडतं. मग उंची खुंटते आणि पोटावर चरबी साठते. अशा मुलांना हे हार्मोन बहुतेक वेळा रोज रात्री कातडीखाली टोचून देतात.

हे हार्मोन नुसती हाडं वाढवत नाही. ते साठलेली चरबी वापरायला लावतं, स्नायू भरतात. म्हणून सुरुवातीला मूल वाळल्यासारखं दिसू शकतं. मात्र ते इन्शुलिनचा जोरही थोडा कमी करतं. बहुतेक मुलांचं शरीर जास्त इन्शुलिन तयार करून साखर सांभाळतं. पण वजन जास्त असेल किंवा घरात मधुमेह असेल, तर जास्त जपावं लागतं. साखर तपासली म्हणजे शुगर झाली असं नाही. ती वाढत असेल तर वेळेत कळावं, म्हणून तपासतात. थायरॉईडही बघतात, कारण तो कमी पडला तर इंजेक्शन घेऊनही उंची नीट वाढत नाही.

तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, हे आपण जाणतो. उंची वाढायला लागली की तपासणीची खेप टाळावीशी वाटते. पण मैत्रिणींनो, ती खेप टाळू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. मूल सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, डोकं फार दुखून उलट्या होताहेत, नजर धूसर झालीय किंवा ते लंगडतंय, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा. मनानं डोस वाढवू नका, बंदही करू नका.

आणि हो, प्रत्येक बुटक्या मुलाला हे इंजेक्शन लागत नाही. काहींचं आईवडीलच ठेंगणे असतात, काहींना पोटभर सकस अन्न मिळत नाही. चार वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. दर सहा महिन्यांनी भिंतीवर खूण करून तारीख लिहा. वाढ थांबल्यासारखी वाटली, तर उंची वाढवणाऱ्या पावडरीवर पैसे घालवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

गटात अशी एखादी आई असेल, तर तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत एकीनं जावं. एवढं आपण नक्की करू शकतो.