घरांतील पितर

बारामतीजवळच्या सोनगांवीं कऱ्हा नीरेस मिळते. पुढें तीच नीरा इंदापूर तालुक्यांत नरसिंगपुरापाशीं भीमेस जाऊन मिळते. सोनगांवीं १९६५ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें उत्खनन करून ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणली. या लोकांची मृतांविषयींची भावना मात्र स्पष्ट उमगली ती भीमेच्याच खोऱ्यांत, घोड नदीकांठच्या इनामगांवीं. तेथें १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चाललें आणि दोनशेंहून अधिक दफनें मिळालीं.

हीं दफनें गांवाबाहेर नव्हेत. घराच्या भुईखालीं वा अंगणांत. बालकाचें शव दोन करड्या कुंभांत घालीत व ते तोंडास तोंड लावून आडवे पुरीत. (तान्ह्या मुलास अग्नि न देण्याची चाल आपल्याकडे अद्याप आहेच.) प्रौढांस उत्तरेकडे डोकें करून निजवीत आणि बहुधा घोट्याखालचीं पावलें तोडून टाकीत! अंगावर कांटा येतो. पण यास क्रौर्य म्हणावें काय? मृतानें भूत होऊन भटकूं नये, घर सोडूं नये, हा संशोधकांचा तर्क. त्यांतील दुसरा अर्थ अधिक पटतो. ज्याचें भय वाटतें त्यास चुलीशेजारीं कोण ठेवील?

युरोपांत डॅन्यूबकांठच्या लेपेन्स्की वीर येथेंही अर्भकें घराच्या जमिनीखालींच मिळालीं. बल्गेरियांतील वार्ना येथें १९७२ सालीं सांपडलेल्या दफनभूमींत मृतांसवें सोनें होतें. इनामगांवीं बहुधा तोटीचें मडकें आणि वाडगे. पांच खोल्यांच्या घराच्या अंगणांत मात्र चार पायांच्या मृण्मय रांजणांत एक पुरुष बसलेला आढळला. तो गांवाचा प्रमुख असावा. त्याचीं पावलें शाबूत होतीं.