श्वासामागील श्रम

श्वास म्हटला की फुप्फुसांचे नाव प्रथम ओठांवर येते. वस्तुतः फुप्फुसांना स्वतःची हालचाल नाही. ती मऊ आणि लवचीक असतात. त्यांना फुगविण्याचे काम स्नायू करतात. हे स्नायू थकले तर फुप्फुसे निरोगी असूनही माणूस दगावू शकतो.

छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक पातळ स्नायू आहे. त्यास श्वासपटल म्हणतात. मानेतून निघणाऱ्या दोन नसांमार्फत मेंदूची आज्ञा मिळताच तो आकुंचन पावून खाली उतरतो. त्याच वेळी बरगड्यांमधील स्नायू बरगड्या वर उचलतात, छातीची पोकळी वाढते आणि सुमारे अर्धा लिटर हवा आत येते. स्वस्थ बसलेल्या माणसाला श्वास सोडण्यासाठी निराळे श्रम पडत नाहीत. ताणलेली फुप्फुसे आपोआप पूर्ववत होतात. धावताना व खोकताना मात्र पोटाचे स्नायू जोर लावतात. मिनिटाला 14 श्वास धरले, तरी दिवसाकाठी 20,000 हून अधिक वेळा हे चक्र फिरते. त्यास ना सुटी, ना सणवार.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर हा जमाखर्च आहे. स्नायूंचे बल ही जमा आणि छाती फुगविण्याचे श्रम हा खर्च. निरोगी माणसाची शिल्लक मोठी असते. आजारात कधी खर्च वाढतो, तर कधी जमा आटते.

विडी-सिगारेटच्या किंवा चुलीच्या धुराने वर्षानुवर्षे श्वासनलिका अरुंद झाल्या, की हवा आत अडकून राहते. फुप्फुसे सदैव फुगलेली राहतात आणि श्वासपटलाचा घुमट सपाट होतो. सपाट झालेला स्नायू आखडला तरी हवा थोडीच ओढली जाते. मग मानेचे व खांद्याचे स्नायू मदतीस धावतात. येथे खर्च वाढला. पोलिओ, मायस्थेनिया किंवा गुइलेन-बॅरे या आजारांत फुप्फुसे धड असतात, परंतु स्नायूंपर्यंत आज्ञा नीट पोहोचत नाही. येथे जमा आटली. 2025 च्या प्रारंभी पुणे परिसरात गुइलेन-बॅरेचे अनेक रुग्ण आढळले आणि त्यांपैकी काहींना कृत्रिम श्वासाचा आधार द्यावा लागला, हे सर्वांच्या स्मरणात असेल.

या बाबतीत डेन्मार्कच्या राजधानीतील, कोपनहेगनमधील एक घटना उद्बोधक आहे. 1952 च्या उन्हाळ्यात तेथे पोलिओची भीषण साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे किंवा गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 जण मृत्युमुखी पडले. संपूर्ण शरीर सामावून घेणारे श्वासयंत्र तेथे एकच होते. रक्ताच्या तपासणीत आढळणारा बिघाड डॉक्टरांना उलगडत नव्हता. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी त्याचा अर्थ लावला. स्नायू दुबळे झाल्याने दूषित वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, बाहेर पडत नव्हता आणि रक्तात साचत होता. केवळ ऑक्सिजन देऊन ही तूट भरून येणार नव्हती; हवा आत-बाहेर होणे आवश्यक होते.

27 ऑगस्ट रोजी मरणासन्न अवस्थेतील एका 12 वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छिद्र पाडून नळी बसविण्यात आली. त्या नळीला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली गेली. मुलगी वाचली. यंत्रे पुरेशी नव्हतीच. म्हणून सुमारे 1,500 विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. परक्याच्या श्वासासाठी त्यांनी आपले हात दिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना याच अनुभवातून आकारास आली.

हे स्नायू थकत असल्याची सूचना शरीर आधीच देते. आडवे पडताच धाप लागणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, खोकल्यातील जोर जाणे, श्वास घेताना पोट बाहेर येण्याऐवजी आत ओढले जाणे, सकाळी डोके जड होऊन दुखणे, ही ती लक्षणे होत. बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसतो, म्हणून निर्धास्त राहू नये. तो आकडा बहुधा उशिरा घसरतो. धापा टाकणारा रुग्ण अचानक शांत व सुस्त झाला, तर ते बरे होण्याचे चिन्ह समजू नये. तो थकला असण्याचा संभव असतो. अशा वेळी विलंब न करता रुग्णालय गाठावे.

या स्नायूंना पूर्ण विश्रांतीही मानवत नाही. यंत्रानेच सर्व श्वास दिला, तर दोन-तीन दिवसांतच श्वासपटलाचे तंतू बारीक होतात, असे 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. म्हणून डॉक्टर शक्य तितक्या लवकर रुग्णाला स्वतःचा श्वास घेऊ देतात. जुनाट दमेकऱ्यांनीही वैद्यकीय सल्ल्याने नियमित चालावे, श्वसनाचे व्यायाम करावेत आणि धूर कायमचा वर्ज्य करावा.

घरातील वडीलधाऱ्यांची प्रकृती विचारताना त्यांच्या श्वासाकडेही क्षणभर लक्ष द्यावे. तूट वेळीच ध्यानात आली, तर ती बहुधा भरून काढता येते.