जीवनजींची बाग

गटाच्या बैठकीत गायरानाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "सगळ्यांचं ते कुणाचंच नाही." आज आम्ही एका बागेची गोष्ट सांगणार आहोत. बाग आहे दूर आफ्रिकेत, केनिया देशाच्या राजधानीत, नैरोबीत. नाव मात्र आपल्याकडचं वाटेल असं, जीवनजी गार्डन.

हे जीवनजी कोण? अलिभाई मुल्ला जीवनजी. जन्म 1856 चा, कराचीतला. दाऊदी बोहरा समाजाचे. शाळा फारशी झालेली नव्हती, पण व्यापाराची नजर पक्की. आधी ऑस्ट्रेलियात जाऊन धंदा केला, मग 1890 च्या सुमारास आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोम्बासा बंदरात उतरले.

तिथे इंग्रजांना समुद्रापासून आत मोठ्या सरोवरापर्यंत रेल्वे न्यायची होती. 1896 ते 1901 अशी पाच-सहा वर्षं ते काम चाललं. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे 32 हजार मजूर नेले, बहुतेक पंजाबकडचे. त्यातले जवळजवळ अडीच हजार तिकडेच मेले. मजूर आणणं, त्यांना शिधा पुरवणं, बांधकामं करणं, असे ठेके जीवनजींकडे होते. त्यातून ते गबर झाले. हे आम्ही मुद्दाम सांगतो. मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना पैसा कुठून आला ते गाळायची आपल्याकडे सवय आहे.

पुढे नैरोबी शहर वसलं आणि जीवनजींनी तिथे बाजारपेठ बांधली. 1902 मध्ये मोम्बासात वर्तमानपत्र काढलं, 'आफ्रिकन स्टँडर्ड'. तीन वर्षांनी ते गोऱ्या मालकांना विकलं. ते पत्र पुढे त्याच गोऱ्यांची बाजू मांडू लागलं, हा भाग वेगळा! आणि 1906 मध्ये शहराच्या मधोमध बाग करून ती लोकांना देऊन टाकली. बागेत पुतळा बसवला तो व्हिक्टोरिया राणीचा. तेव्हा जीवनजींना वाटत होतं, आपण राणीची प्रजा, गोरेही राणीची प्रजा, मग न्याय सारखाच मिळेल.

तो मिळाला नाही. डोंगरमाथ्यावरची थंड, सुपीक जमीन फक्त गोऱ्यांना, असं सरकारने ठरवलं. हिंदी माणसाला पैसे मोजूनही ती घेता येईना. 1910 च्या सुमारास जीवनजींना कायदेमंडळावर नेमलं. गोऱ्यांच्या त्या सभेत बसणारे ते पहिले बिगरगोरे. पण एकट्याच्या बोलण्याने काय हलणार? मग ते थेट लंडनला गेले, तिथल्या वर्तमानपत्रांतून आपली बाजू मांडली. 1914 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या हिंदी लोकांची काँग्रेस उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. पुढे 1924 मध्ये याच काँग्रेसच्या मोम्बासातल्या अधिवेशनाला अध्यक्ष म्हणून आपल्या सरोजिनी नायडू गेल्या होत्या.

आता एक गोष्ट आम्हाला खटकते. लंडनमध्ये बोलताना जीवनजींनी असं सुचवलं, की हा मुलूख हिंदुस्थानलाच जोडावा, थोड्या वर्षांत तो दुसरा हिंदुस्थान होईल. अहो, पण ती जमीन होती कुणाची? किकुयू, मसाई अशा तिथल्या लोकांची. गोऱ्यांनी आपल्याला पंगतीत घेतलं नाही याचं दुःख खरं, पण घर ज्याचं त्याला कुणीच विचारलं नव्हतं. आपल्यावरचा अन्याय चटकन दिसतो, दुसऱ्यावरचा दिसायला वेळ लागतो. जीवनजींनाही तो दिसला नसावा.

उतारवयात त्यांची मालमत्ता बरीचशी हातची गेली. 1936 मध्ये नैरोबीतच ते वारले. बाग राहिली.

आणि इथून पुढचा भाग आमच्या जास्त आवडीचा. केनिया 1963 मध्ये स्वतंत्र झाला. पण आपलं सरकार आलं म्हणजे मोकळी जमीन सुरक्षित झाली असं नसतं, हे आपल्याला सांगायला नको. 1989 मध्ये नैरोबीच्या दुसऱ्या एका मोठ्या बागेत साठ मजली इमारत उभी करायचं ठरलं. वांगारी माथाई नावाची बाई आडवी उभी राहिली. बाईने बाईसारखं राहावं, पुरुषांचा मान ठेवून गप्प बसावं, असं देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी तिला सुनावलं. ती गप्प बसली नाही, इमारत झाली नाही. याच वांगारीबाईंना 2004 मध्ये नोबेल मिळालं.

मग 1991 मध्ये जीवनजींच्या बागेवर पाळी आली. तिथे गाड्या लावायला बहुमजली वाहनतळ बांधायचा होता. या वेळी उभी राहिली जीवनजींची नात, झरीना पटेल. सरकारविरुद्ध बोलणं धोक्याचं होतं तो काळ. लक्षात घ्या, ती वारसाहक्काने "आमची बाग परत द्या" म्हणाली नाही. आजोबांनी बाग लोकांना दिली, ती लोकांचीच राहिली पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. तिने लोक जमवले, आवाज उठवला. वाहनतळ बारगळला. पुढे 1997 मध्ये तिनेच आजोबांचं चरित्र लिहिलं.

त्या बागेत दुपारी कामकरी माणसं झाडाखाली टेकतात. बाकांभोवती घोळका करून महागाईवर, पुढाऱ्यांवर कडाकडा वाद घालणाऱ्यांचा तिथे एक मेळाच जमू लागला. कुणीही यावं, बोलावं. त्यांच्या स्वाहिली भाषेत त्याचं नाव आहे 'बुंगे ला म्वानांची', म्हणजे साध्या माणसाची संसद.