‘इंडियन रिझर्व्हेशन’ शोधताना

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय कळल्यावर आयोजकांपैकी एकाने मला फोन केला. म्हणाला, “ताई, अफगाण कळलं, पण हे होपी कोण? आणि या दोघांचा एकमेकांशी संबंध काय?” प्रश्न बरोबर आहे. म्हणून आधी हे दोघे माझ्यापर्यंत कसे आले ते सांगते.

एम. ए.च्या पहिल्या वर्षी मला आरक्षणावर निबंध लिहायचा होता. ग्रंथालयातल्या संगणकावर मी ‘इंडियन रिझर्व्हेशन’ असं टाईप केलं. मंडल आयोग येईल, घटनेची कलमं येतील असं वाटलं होतं. आलं ते अमेरिकेतलं ॲरिझोना. तिकडे ‘इंडियन’ म्हणजे तिथले मूळचे लोक. कोलंबसच्या चुकीने ते नाव त्यांना चिकटलं. आणि ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे बाकीची जमीन घेऊन झाल्यावर त्यांच्यासाठी आखून दिलेला तुकडा. शब्द तोच. आपल्याकडे त्याने आत जायचं दार उघडतं, तिकडे ते कुंपण आहे. त्या यादीतलं एक पुस्तक होपी लोकांवर होतं. इंग्रजी पुस्तक वाचायला आपल्याला जेवढा वेळ लागतो तेवढा मलाही लागला. तीन आठवडे.

त्याच वर्षी वसतिगृहात माझी रूममेट काबूलची होती. पुण्यात शिकलेल्यांना माहीत असेल, तिथे अफगाण विद्यार्थी बरेच असायचे. मी तिची ओळख करून देताना ‘अफगाण’ म्हणायचे आणि ती दर वेळी शांतपणे दुरुस्त करायची, “हजारा.” अफगाण हा शब्द मुळात पश्तुनांसाठी वापरला जायचा, हे मला नंतर कळलं. तिची ती दुरुस्ती मला परकी वाटली नाही. आपल्यालाही कुणी परस्पर एखाद्या मोठ्या नावाखाली ढकललं की आपण असंच थांबवतो.

मग मी उत्साहाने एक तक्ता केला. डावीकडे अफगाण, उजवीकडे होपी. लोकसंख्या, साक्षरता, उत्पन्न. तो तक्ता कामाचा नव्हता. एकीकडे चार कोटींच्या आसपास माणसं, जिथे शेवटची जनगणना 1979 साली झाली आणि तीही अर्धवट राहिली. दुसरीकडे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाच्या पोटात राहणारे काही हजार लोक. होपी माणूस अमेरिकेचा नागरिक आहे. 1924 पासून कायद्याने नागरिक, पण ॲरिझोनात मत द्यायला 1948 उजाडलं. डॉलरमध्ये मोजलं तर तो अफगाण शेतकऱ्यापेक्षा कितीतरी पुढे दिसेल, आणि त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही. मी तक्ता फाडला आणि एकच प्रश्न ठेवला: यांचं पाणी, पैसा आणि शाळा, यांचा निर्णय कोण घेतं?

होपींची गावं तीन उंच पठारांवर आणि त्यांच्या पायथ्याशी आहेत. त्यातलं ओरायबी हे गाव आठ-नऊशे वर्षं सलग वसलेलं आहे. पाऊस वर्षाला 8 ते 10 इंच, म्हणजे आपल्या माण-खटावच्या जेमतेम निम्मा. तरी तिथे मका पिकतो, विहिरीशिवाय, कालव्याशिवाय. काठीने वीतभर किंवा त्याहून खोल भोक पाडायचं, ओल लागली की एका भोकात बरेच दाणे टाकायचे. ही शेती त्यांनी शेकडो वर्षं केली. त्यांना कुणी ‘मागास’ म्हटलं की मला हे खोल पेरलेलं बियाणं आठवतं.

1882 साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नकाशावर एक चौकोन आखून त्यांचं रिझर्व्हेशन ठरवलं. त्याच्या चारही बाजूंना आता नवाहो लोकांची जमीन आहे आणि या दोन शोषित समाजांमध्ये जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टकचेऱ्या झाल्या. ही गोष्ट मोठी आहे, आज तिच्यात शिरत नाही. मुद्दा कोळशाचा आहे.

जवळच्या ब्लॅक मेसा पठाराखाली कोळसा निघाला. 1966 साली होपी कौन्सिलने पीबॉडी कंपनीशी करार केला. त्यांचे वकील होते जॉन बॉयडेन. पुढे कागदपत्रं बाहेर आली तेव्हा दिसलं की हे वकीलसाहेब त्याच काळात पीबॉडीसाठीही काम करत होते. कोळशाची भुकटी पाण्यात मिसळून सुमारे 440 किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातल्या वीजकेंद्राला पाठवायची, अशी योजना होती. त्यासाठी वाळवंटाखालचं पिण्याजोगं पाणी उपसलं, रोज एक कोटी लिटरहून जास्त. दुसऱ्या वीजकेंद्रात तोच कोळसा जाळून जी वीज झाली, तिने कोलोरॅडो नदीचं पाणी उचलून फिनिक्स आणि टूसॉन शहरांना दिलं. तिकडे हिरवळी, पोहण्याचे तलाव. इकडे ज्यांच्या जमिनीतून कोळसा निघाला त्यांच्यातली कित्येक घरं डब्यांतून पाणी वाहून आणत होती.

2005च्या शेवटी पहिलं केंद्र बंद झालं, 2019च्या नोव्हेंबरात दुसरं. कोळसा थांबला, पाण्याचा उपसा थांबला, हे चांगलंच झालं. पण होपी सरकारच्या उत्पन्नातला साधारण 80 टक्के हिस्सा कोळशाचा होता. तो एका झटक्यात गेला. ज्यांनी खाणीला विरोध केला आणि ज्यांची पोरं खाणीच्या पैशावर शिकली, ते एकाच गावात, कधी एकाच घरात राहतात. त्यांच्या ग्रामसभेत काय होत असेल ते तुम्हाला सांगायला नको.

आता अफगाणिस्तान. 2021च्या ऑगस्टआधी तिथल्या सरकारी खर्चातले सुमारे 75 टक्के परदेशी मदतीतून यायचे. शिक्षिकेचा पगार, दवाखान्यातली औषधं, सगळं. 15 ऑगस्टला तालिबान काबूलमध्ये शिरले, मदत थांबली आणि अफगाण मध्यवर्ती बँकेचे न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमध्ये ठेवलेले सुमारे 7 अब्ज डॉलर अमेरिकेने गोठवले. (पुन्हा तोच शब्द, रिझर्व्ह.) माझ्या रूममेटच्या आईला बँकेतून स्वतःचाच पैसा काढायला पहाटेपासून रांग लावावी लागे. तिने ना तालिबान निवडले होते, ना ती मदत मागितली होती.

80 टक्के आणि 75 टक्के. हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी लिहिले तेव्हा तुलना सुरू झाली. दोन्ही ठिकाणी रोजचा घास दुसऱ्याच्या हातातल्या नळाला जोडलेला होता. आणि नळ बंद करताना घरातल्यांना कुणी विचारलं नाही.

या दोन ठिकाणांमध्ये खरा धागाही आहे. कोलोरॅडोवरचं हूवर धरण बांधणाऱ्यांपैकी एक होती आयडाहोची मॉरिसन-नुडसन ही कंपनी. तिलाच 1946 साली अफगाण सरकारने हेलमंद खोऱ्यात बोलावलं. अरगंदाब नदीवर आणि कजाकी इथे धरणं झाली, कालवे झाले. निचऱ्याचा विचार नीट झाला नाही, पाणी साचलं, जमिनी खारवल्या. अतिपाण्याने मीठ फुटलेली जमीन पश्चिम महाराष्ट्रातल्या उसाच्या पट्ट्यातल्यांना वेगळी सांगायला नको.

दुसरा धागा भाषेचा. अमेरिकन सैन्य शत्रूच्या मुलखाला बोलीत ‘इंडियन कंट्री’ म्हणतं. व्हिएतनाममध्ये म्हणालं, अफगाणिस्तानातही म्हणालं. तिथे घिरट्या घालणारी हेलिकॉप्टरं होती अपाची, चिनूक, ब्लॅक हॉक. ही सगळी हरवलेल्या जमातींची आणि त्यांच्या नायकांची नावं. जिंकलेल्याचं नाव शस्त्राला द्यायचं आणि पुढच्या मुलखात जायचं.

शाळेच्या बाबतीत मात्र मी अडखळले. तिथे मी अजूनही अडखळते.

होपी मुलांसाठी सरकारने 1887 साली कीम्स कॅन्यनला निवासी शाळा काढली. केस कापायचे, भाषा बंद, नाव बदलायचं. ओरायबीच्या काही आईबापांनी मुलं पाठवायला नकार दिला. जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडायलाही त्यांचा विरोध होता. 1895च्या जानेवारीत त्यांच्यातल्या 19 पुरुषांना सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्कट्राझ बेटावर तुरुंगात टाकलं. तेव्हा बाबासाहेब तीन वर्षांचे होते. पाच वर्षांनी, 7 नोव्हेंबर 1900 रोजी, त्यांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं आणि त्यांना वेगळं बसावं लागलं. एकीकडे शाळेत घालत नाही म्हणून बापाला कैद, दुसरीकडे शाळेत आलेल्या पोराला बाजूला बसवणं. मी लहानपणापासून शिकले होते की शाळा म्हणजे सुटका. मग हे 19 जण कोण? अडाणी?

1906 साली याच प्रश्नावर ओरायबी गाव फुटलं. जमिनीवर रेघ ओढली, दोन गट एकमेकांना ढकलू लागले, रेघेपलीकडे ढकलले गेलेल्यांनी गाव सोडलं आणि होटेव्हिला वसवलं. शाळेला विरोध करणाऱ्या गटातल्या काही तरुणांना सैनिकांनी पकडून दूर पेनसिल्वेनियात कार्लाईलच्या शाळेत नेलं. त्यातल्या एकाचं नाव तिथे ‘लुईस’ झालं. लुईस तेवानिमा. याच माणसाने 1912च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटरला अमेरिकेसाठी रौप्यपदक मिळवलं. नंतर तो गावी परतला आणि मेंढरं, शेती बघत जगला.

माझ्या वडिलांचं घरचं नाव कचरू. पोरं जगत नव्हती म्हणून आजीने ठेवलेलं. शाळेत घालायला नेलं तेव्हा आजोबांनी गुरुजींना सांगितलं, “प्रकाश लिहा.” वडील आजही हे अभिमानाने सांगतात. नाव दोघांचंही शाळेत बदललं. पण ‘प्रकाश’ आजोबा घरून ठरवून निघाले होते. ‘लुईस’ ठरवताना तेवानिमाच्या बापाला कुणी विचारलं नव्हतं.

आणि अफगाणिस्तानात सहावीनंतरच्या मुलींच्या शाळा 2021च्या सप्टेंबरपासून बंद. 2022च्या मार्चमध्ये एका सकाळी उघडल्या आणि त्याच दिवशी मुलींना रडत घरी पाठवलं. डिसेंबरात विद्यापीठंही बंद. त्याआधी, 30 सप्टेंबर 2022ला, काबूलच्या दश्त-ए-बर्ची या हजारा वस्तीत काज नावाच्या शिकवणी केंद्रात स्फोट झाला. मुली प्रवेश परीक्षेची सराव चाचणी देत बसल्या होत्या. पन्नासहून जास्त जीव गेले, बहुतेक मुलींचे. आपल्यातल्या किती जणांनी सीईटी, नीट, नेटचे सराव पेपर अशाच कोंदट हॉलमध्ये दिलेत!

पण ‘अफगाण समाज’ म्हणून सगळे एकसारखे भरडले गेले असं म्हणून मी थांबले, तर बाबासाहेब वाचल्याचा उपयोग काय? 1891 ते 1893 या काळात अमीर अब्दुर रहमानने हजारांचं बंड चिरडलं, त्यांच्या जमिनी इतरांना वाटल्या, बायका-मुलं बाजारात विकली. गुलामगिरी कायद्याने संपायला 1920चं दशक यावं लागलं. पुढेही कित्येक वर्षं काबूलमध्ये ओझी वाहणारा हमाल म्हटलं की हजाराच. त्यांच्याही खाली जोगी आणि चोरी-फरोश. नावं ऐकलीत ना? जोगी आपलेच वाटतात, आणि चोरी-फरोश म्हणजे बांगड्या विकणारे. त्यांच्यातल्या अनेकांकडे ‘तझकिरा’ हे ओळखपत्रच नाही, आणि ते नसलं की शाळेचं दार उघडत नाही. जातीच्या दाखल्यासाठी 1961च्या आधीचा पुरावा कुठून आणू, असं विचारणारा आपल्याकडचा भटका-विमुक्त मुलगा ही अडचण लगेच ओळखेल.

होपींमध्येही सगळं गोड नव्हतं. विधींचा मान असलेली कुळं वर, त्यांच्याकडे चांगली शेतं, बाकीची सामान्य. पण एक फरक आहे. बाबासाहेबांनी 1916 साली कोलंबियातल्या निबंधात जातीचं मूळ जातीअंतर्गत लग्नात दाखवलं. होपी माणसाला स्वतःच्या कुळात लग्न करता येत नाही, बाहेरच करावं लागतं. त्यामुळे वरचं कूळ भिंत बांधून बसू शकत नाही. घर बाईचं, शेत तिच्या कुळाचं, नवरा तिच्याकडे राहायला जातो. 1894 साली सरकार जमीन वाटायला निघालं तेव्हा होपी प्रमुखांनी वॉशिंग्टनला अर्ज पाठवला आणि आमच्यात शेत बाईकडून चालतं, हे त्यात समजावून सांगितलं. सह्यांच्या जागी कुळांची चिन्हं काढली, शंभरहून जास्त. उत्तर आलं नाही, पण ती वाटणी पुढे सरकारला सोडून द्यावी लागली. माझ्या आईच्या नावावर आजही एक गुंठा नाही.

एक कबुली देते. 2001च्या मार्चमध्ये बामियानच्या बुद्धमूर्ती फोडल्या तेव्हा मी लहान होते, पण आमच्या विहारात सगळे सुन्न बसलेले मला आठवतात. हे रूममेटला सांगितलं तर ती म्हणाली, “आणि यकावलंग?” मला माहीत नव्हतं. मूर्ती फोडायच्या दोनच महिने आधी, त्याच बामियान प्रांतात, तालिबानने हजारा पुरुषांना घरांतून बाहेर काढून गोळ्या घातल्या होत्या. दीडशेच्या वर माणसं. आमच्या विहारात त्यांच्यासाठी कुणी बसलं नव्हतं. ती रागावली नव्हती, तिने फक्त विचारलं होतं.

ती आता तिसऱ्याच देशात असते. धाकटी बहीण काबूलमध्ये, वय पंधरा. दर रविवारी ती बहिणीला फोनवर गणित शिकवते, वही कॅमेऱ्यासमोर धरून. मागच्या रविवारी वर्गसमीकरणं संपली. वीज राहिली तर येत्या रविवारी त्रिकोणमिती सुरू करणार आहेत.