नवजाताचा जंतुसंसर्ग आणि रक्तबिंबिकांची साक्ष



कालपर्यंत अंगावर नीट पिणारे बाळ आज दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, अंग थंड लागते. दृष्ट लागली असेल, असे समजून अनेक घरांत एक रात्र वाट पाहिली जाते. रक्तात जंतुसंसर्ग पसरला असेल, तर तीच रात्र प्राणघातक ठरू शकते. नवजाताला मोठ्या माणसासारखा ताप येईलच, असे नाही.

रक्ताचे कल्चर हा या रोगाचा मुख्य पुरावा. परंतु त्याच्या अहवालास एक-दोन दिवस लागतात. साध्या रक्ततपासणीत रक्तबिंबिकांची, म्हणजे प्लेटलेटची संख्या मात्र काही तासांत कळते. निरोगी बाळात ती प्रतिघनमिलिमीटर दीड ते साडेचार लाख असते. जंतूंच्या विषामुळे रक्तवाहिन्यांचे अस्तर दुखावते, सूक्ष्म गुठळ्या होतात आणि त्यांत बिंबिका खर्ची पडतात. ही घट भरून काढण्यासाठी अस्थिमज्जा नव्या, आकाराने मोठ्या बिंबिका रक्तात सोडते. म्हणून संख्येबरोबर त्यांचे सरासरी आकारमानही पाहिले जाते. जन्मानंतर तीन दिवसांनी संख्या झपाट्याने घसरली, तर प्रथम संसर्गाचीच शंका घ्यावी लागते.

तथापि ही साक्ष एकटी पुरेशी नाही. मातेचा रक्तदाब वाढलेला असेल किंवा गर्भाची वाढ खुंटली असेल, तरीही पहिल्या तीन दिवसांत बिंबिका कमी आढळतात. नमुन्यातील रक्त गोठले, तर आकडा खोटाच कमी येतो. उलट संसर्गाच्या आरंभी तो पूर्णपणे प्राकृत असू शकतो. म्हणून ‘प्लेटलेट चांगल्या आहेत’ एवढ्यावर निश्चिंत होणे धोक्याचे आहे.

जेथे प्रयोगशाळाच नाही, तेथे काय करावे? डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या 39 गावांत याचे उत्तर दिले. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांनी केवळ लक्षणांवरून संसर्ग ओळखला, घरीच प्रतिजैविके दिली आणि नवजात-मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. हे निष्कर्ष 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले.

सेवावस्तीत जाणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने ही लक्षणे माता-भगिनींना सांगावीत: दूध न ओढणे, सुस्ती, थंड किंवा तापलेले अंग, मिनिटाला 60 वा अधिक श्वास, आत ओढली जाणारी छाती. यांपैकी एकही दिसताच बाळाला छातीशी उबदार धरून तत्काळ रुग्णालयात न्यावे. आकड्याची तपासणी तेथे होईल. तेथवर बाळ वेळेत पोहोचविणे हे समाजाचे काम आहे.