कॅसेट कोणाच्या ताब्यात?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषय ऐकून काहीजणींना वाटलं असेल, हिंसाचार, पोटगी, रेशन असे प्रश्न समोर असताना ही बाई लग्नाच्या कॅसेट आणि जुने फोटो संगणकावर कसे घ्यायचे हे काय सांगत बसली आहे! हे काम कोपऱ्यावरचा स्टुडिओवाला करून देतो, नाहीतर घरातला कॉलेजात जाणारा मुलगा. पण हे काम त्यांच्यावर सोपवून मोकळं होण्यासारखं नाही, हेच मला सांगायचं आहे. कॅसेट संगणकावर नेताना काय ठेवायचं, काय गाळायचं, कोणाचं नाव लिहायचं, कोणाला दाखवायचं, हे सगळं ठरत असतं. आपण ठरवलं नाही, तर ते दुसरं कोणीतरी ठरवतं.

आधी घाई कशासाठी ते सांगते. व्हीएचएस ही पद्धत १९७६ साली जपानमध्ये बाजारात आली. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे बघायची पद्धत पडली आणि मागोमाग लग्नाचं शूटिंग आलं. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, आणि नवं यंत्र मिळण्याचा मार्ग संपला. आता आहेत त्या जुन्या यंत्रांवरच भागवायचं आहे. चुंबकीय टेपवरचा ठेवा २०२५च्या आसपासपर्यंत संगणकावर नेला नाही तर तो कायमचा गमावण्याची भीती आहे, असा इशारा युनेस्को आणि ध्वनी-दृश्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ साली दिला होता. ती मुदत आता संपल्यातच जमा आहे. त्यात आपल्याकडचा पावसाळा. कोकणात आणि मुंबईत बंद कपाटातल्या कॅसेटवर पांढरी बुरशी धरते, हे तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल.

आपल्या चळवळीनं व्हिडिओ फार लवकर हाती घेतला होता. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेत १९८४ साली भाजी विकणाऱ्या, मजुरी करणाऱ्या बायका कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यातल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. दिल्लीत १९८६ साली तरुण मुलींनी ‘मीडियास्टॉर्म’ हा गट काढला आणि मुस्लिम महिलांच्या पोटगीच्या कायद्यावर फिल्म केली. त्याआधी १९८०मध्ये सुरू झालेल्या ‘युगांतर’ या गटानं पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ आणि निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवर दुसरी फिल्म केली. या फिल्म जपल्या गेल्या आणि अलीकडे संगणकावर उतरवल्याही गेल्या, म्हणून त्या संपकरी बायकांचे चेहरे आणि आवाज आज आपल्याला पाहता-ऐकता येतात. मुंबईत १९८८पासून ‘स्पॅरो’ ही संस्था स्त्रियांचे आवाज आणि छायाचित्रं जपते आहे. पण तालुक्याच्या गावातल्या संघटनांचं काय? कोणाच्या तरी भावानं धरलेल्या कॅमेऱ्यातला मोर्चा, पथनाट्य, दारूबंदीची सभा, हे सगळं कार्यालयाच्या लोखंडी कपाटात किंवा एखादीच्या माळ्यावर पडून आहे. वर्तमानपत्रात त्या मोर्चाची चार ओळींची बातमी आली असेल, नसेलही. कॅसेट गेली की मोर्चा झाला होता याची खूणच जाते.

आता घरच्या कॅसेटकडे वळू या. तिच्याकडे आपण हौस म्हणून बघतो. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या बाईच्या दृष्टीनं ती पुरावा असू शकते. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, नवऱ्याकडे ते ठेवायला दिलं म्हणून ते त्याचं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणी खटल्यात १९८५ साली सांगितलं. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीही स्त्रीधन परत मागता येतं. पण काय काय दिलं होतं, हे दाखवायचं कसं? पावत्या बहुतेक वेळा नसतात. लग्नाच्या कॅसेटमध्ये अंगावरचे दागिने, मांडवात मांडलेली भांडी, कपाट, शिलाई मशीन, सगळं दिसतं. दुसरं म्हणजे लग्नाचाच पुरावा. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं अशी तक्रार असेल, तर ते लग्न आवश्यक विधींसह लागल्याचं सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ साली हे सिद्ध झालं नाही, म्हणून शिक्षा टिकली नाही. अशा वेळी सप्तपदीचं चित्रण हाती असणं केवढं मोलाचं, हे सांगायला नको.

म्हणूनच दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली, मूळ कॅसेट संगणकावर घेतल्यानंतरही फेकू नका. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची तर कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. मूळ साधन स्वतः मालकानंच कोर्टात आणून साक्ष दिली, तर ते लागत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्येही अशा प्रमाणपत्राची अट आहे. तेव्हा कॅसेट कोणी, कधी, कोणत्या यंत्रावरून उतरवली, हे त्याच दिवशी कागदावर लिहून सही करून ठेवा आणि वकिलाला लवकर दाखवा. दुसरी गोष्ट, दुकानात द्यायचीच वेळ आली तर बजावून सांगा: ‘काही कापू नका, वर गाणं घालू नका, आहे तसं पूर्ण उतरवा.’ चांगली दिसावी म्हणून दुकानदार ‘कंटाळवाणा’ भाग काढतो आणि त्यात नेमकी भांडी मांडलेली खोली जाते.

मैत्रिणींनो, जमेल तिथे हे काम आपणच करावं, असं मला वाटतं. ते अवघड नाही, वेळखाऊ आहे. चालू स्थितीतला एक व्हीसीआर लागतो. त्याच्या मागच्या तीन पिनांपैकी पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. काही यंत्रांना आवाजाची एकच पिन असते. या पिना कॅप्चरच्या छोट्या डबीत घालायच्या आणि डबी यूएसबीनं संगणकाला जोडायची. सॉफ्टवेअरमध्ये ‘पाल’ निवडायचं, कारण भारतातल्या कॅसेट त्या पद्धतीच्या, सेकंदाला २५ चित्रांच्या असतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट मात्र ‘एनटीएससी’ असेल, तिला तेच निवडावं लागतं आणि ती वाचणारा व्हीसीआरही लागतो. कॅसेट सुरुवातीपासून लावायची आणि ‘रेकॉर्ड’ दाबायचं. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात, त्याला जवळचा रस्ता नाही. तुमच्याकडे अशा चाळीस कॅसेट असतील तर १२० तास झाले. रोज दोन तास दिले तरी दोन महिने. हा हिशेब आधी मांडा, म्हणजे काम अर्ध्यावर राहणार नाही.

लावण्याआधी कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती लावू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटना लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकची छोटी पट्टी असते, ती आधी तोडून टाका, म्हणजे चुकूनही वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या छोट्या मिनी-डीव्ही कॅसेटचं तंत्र वेगळं आहे. त्या कॅमेऱ्यातच लावून फायरवायर नावाच्या तारेनं संगणकावर घ्याव्या लागतात. त्यात गुणवत्ता घटत नाही, पण तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. आजच्या संगणकांना ती तार लावायची जागा बहुधा नसते, म्हणून एखादा जुना संगणक जपून ठेवा.

फोटोंचं काम त्या मानानं सोपं. निगेटिव्ह सापडली तर आधी तीच स्कॅन करा. तिच्यात छापील फोटोपेक्षा जास्त तपशील असतो. तिला २४०० ते ३२०० डीपीआय ठेवा, छापील फोटोला ६०० पुरे. स्कॅनर नसेल तर फोनवरही चालतं. खिडकीजवळ सपाट जागेवर फोटो ठेवा, फ्लॅश बंद करा, फोन बरोबर समांतर धरा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतो. निघत नसेल तर पानासकट घ्या. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कारण तारीख आणि नावं तिथे असतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत लहान होते, जपायची प्रत ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि सगळ्याच्या तीन प्रती करा. दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. एकाच हार्ड डिस्कवर सगळं ठेवलं आणि ती पडली, तर कपाटातल्या कॅसेटच बऱ्या होत्या म्हणायची पाळी येईल.

यंत्राचं झालं. खरं काम यापुढे आहे, ते नावांचं. घरच्या कॅसेटवरचं लेबल बघा. ‘अमुकरावांच्या मुलाची मुंज’, ‘तमुक कुटुंबाचं घरभरणं’. आत चुलीपाशी बसलेल्या, पंगतीत वाढणाऱ्या, मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बायका दोन-दोन सेकंद दिसतात. कॅमेरा घाईनं पुढे जातो. संस्थेच्या फोटोतही मंचावरच्या पाहुण्यांची नावं असतात, समोर बसलेल्या शंभरजणी म्हणजे ‘उपस्थित महिला’. संगणकावर फाइल ठेवताना ही चूक आपण पुन्हा करायची नाही. फाइलच्या नावात साल, गाव, प्रसंग लिहा. सोबत एका वहीत किंवा तक्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक बाईचं नाव लिहा, ‘पाटलांची सून’ नव्हे, तिचं स्वतःचं. यासाठी जुन्या मैत्रिणींना बोलवा, पडद्यावर चित्रं लावा आणि त्या बोलत असताना त्यांचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा. ‘ही बघ, हिनं त्या दिवशी पहिल्यांदा माईक हातात घेतला’, असं कोणीतरी म्हणतं. ते कुठल्याही अहवालात सापडणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या मैत्रिणी अजून आपल्यात आहेत, तोवरच हे होणार आहे.

शेवटचा मुद्दा संमतीचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. फाइल झाली की ती क्षणात शंभर ठिकाणी जाऊ शकते. कॅसेटला निदान व्हीसीआर लागत होता! आपल्या कपाटात बायकांच्या आपबिती आहेत, मारहाणीच्या खुणांचे फोटो आहेत. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं १९८३पासून गुन्हा आहे. तेव्हा ते भारतीय दंड विधानाचं कलम २२८-अ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. पण कायद्याच्या पलीकडचाही प्रश्न आहे. १९९० साली एखाद्या बाईनं ‘गावच्या सभेत दाखवा’ म्हणून बोलायला होकार दिला असेल. इंटरनेटवर टाकायला तो होकार नव्हता, तेव्हा ते माहीतच नव्हतं. तिला शोधून पुन्हा विचारायला हवं. ती हयात नसेल तर घरच्यांना विचारा असं सहज म्हटलं जातं, पण ज्या घराविरुद्ध ती बोलली त्याच घराची परवानगी कशी घ्यायची? अशा वेळी फाइल बंद ठेवावी, हे बरं. म्हणून दोन याद्या करा: एक सर्वांसाठी खुली, एक बंद. बंद यादीतल्या फाइल कोण उघडू शकेल, हे संघटनेच्या बैठकीत ठरवून ठरावाच्या वहीत लिहा.

हाच प्रश्न घरातही आहे. बाई म्हणते, ‘फोटो सगळे ड्राइव्हवर आहेत.’ खातं कोणाच्या मोबाइल नंबरवर? नवऱ्याच्या. पासवर्ड कोणाला ठाऊक? मुलाला. मग एक दिवस तिला घराबाहेर काढलं की तिचा पुरावाही आत आणि तिच्या आईचा एकुलता एक फोटोही आत. सल्ला केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला आपण विचारतो, तुझी कागदपत्रं कुठे आहेत? त्याच दमात विचारा, लग्नाची कॅसेट कुठे आहे? तिची एक प्रत तिच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात आणि एक माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे पेन ड्राइव्हवर ठेवायला मदत करा.

तेव्हा इथून गेल्यावर व्हीसीआर शोधायच्या आधी एक वही घ्या आणि कपाट उघडून यादी करा. किती कॅसेट, कोणत्या प्रकारच्या, वर काय लिहिलंय, बुरशी आहे का, आत कोण असण्याची शक्यता आहे. जवळपासच्या तीन-चार गटांनी मिळून एक व्हीसीआर आणि एक संगणक घेतला तरी काम भागेल. पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं आपली यादी घेऊन यावं, मग कोणाच्या कॅसेट आधी घ्यायच्या ते एकत्र बसून ठरवू.

एवढं बोलून मी थांबते.